कोपरावरून ओघळणारं पाणी

नवं बेसिन बसवून तीनेक आठवडे झाले असतील. एके सकाळी माझ्या लक्षात आलं की आईंच्या ब्लाउजच्या बाह्या ओल्या आहेत. आई म्हणजे माझ्या सासूबाई. वय 78, उंची चार फूट दहा इंच. पौषाचे दिवस होते. बडोद्याची थंडी फार नसली तरी ओली बाही अंगाला चिकटली की म्हातारं माणूस शहारतंच. "अहो आई, बाह्या कशानं भिजल्या?" असं विचारलं, तर म्हणाल्या, "सांडतं गं थोडं पाणी. वाळेल आत्ता."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम पॅसेजच्या तोंडाशी उभी राहिले. आई बेसिनपाशी आल्या. नळ सोडला आणि ओंजळ धरायला दोन्ही हात वर उचलले. खांदे थेट कानांजवळ गेले. ओंजळ भरली, तोंडाकडे नेली, आणि पाणी मनगटावरून मागे वळलं. बांगड्यांपाशी क्षणभर थबकलं, तिथून हाताच्या आतल्या बाजूने धार धरून कोपरापर्यंत आलं. तिथे थेंब जमला, फुगला. अर्धा बाहीत शिरला, अर्धा फरशीवर पडला. प्रत्येक ओंजळीला हेच. तोंड धुऊन होईपर्यंत पायाशी ताटलीएवढं थारोळं झालं होतं आणि आई त्यातच उभ्या होत्या.

मी टेप आणला. बेसिनचा काठ फरशीपासून 38 इंच. आईंचं कोपर साडेछत्तीस इंच. काठ कोपराच्या वर असेल तर ओंजळ त्याहून वर धरावी लागणार, आणि हात कोपराहून उंच गेला की त्यावरचं पाणी मागेच येणार. इतकी साधी गोष्ट. ती मोजायला मला तीन आठवडे लागले, आणि त्या तीन आठवड्यांत एक बाई रोज पहाटे ओल्या बाहीने देवापुढे बसत होती.

चूक कुठे झाली ते सांगते, कारण हीच चूक मी नंतर आमच्या ओळखीच्या चार घरांत पाहिली. आम्ही फ्लॅटचं नूतनीकरण काढलं तेव्हा मला दुकानात एक टेबलटॉप बेसिन आवडलं. ओट्यावर ठेवायचं असतं तसं, पांढरं, वाटीसारखं गोल, 6 इंच उंचीचं. ओटा बांधणाऱ्याने त्याच्या नेहमीच्या सवयीने ग्रॅनाइट 32 इंचावर बसवला. 32 इंच हे माप काही चुकीचं नाही. बेसिनचा काठ 31 ते 34 इंचांवर असावा असा सर्वसाधारण रिवाज आहे आणि मध्यम उंचीच्या माणसाला तो सोयीचा पडतो. पण ते माप काठाचं आहे, ओट्याचं नाही. वाटी ओट्याच्या वर बसणार असेल तर तिची उंची ओट्यातून वजा करायला हवी. ओटा 26 इंचांवर हवा होता. काम घेणाऱ्याने ते सांगितलं नाही, मी विचारलं नाही, आणि घरातल्या ज्या माणसाची उंची सगळ्यांत कमी, त्या माणसाला कुणीच तिथे उभं करून पाहिलं नाही.

बाहीपेक्षाही वाईट गोष्ट मला नंतर कळली. ते सांडणारं पाणी पुसायला लागू नये म्हणून आईंनी दुपारचं आणि रात्रीचं तोंड धुणं बाथरूममध्ये बादलीपाशी सुरू केलं होतं. ओल्या फरशीवर, वाकून, अंधुक उजेडात. या वयात खुब्याचं हाड मोडलं की माणूस अंथरुणाला खिळतो, हे आमच्या नात्यात दोनदा पाहिलेलं आहे. त्या बेसिनच्या सुबक गोलाईकडे मला पुन्हा बघवेना.

मी लग्न होऊन 1994 साली बडोद्याला आले तेव्हा आमचं बिऱ्हाड दांडिया बाजारातल्या वाड्यात होतं. तिथे बेसिन नव्हतंच. चौकाच्या कोपऱ्यात दगडी मोरी होती, शेजारच्या गुजराती वहिनी तिला चोकडी म्हणायच्या. कडेला दीड वीत उंचीची पाळ, भिंतीत एक नळ, शेजारी तांब्याचा बंब आणि घंगाळ. आई तिथे उकिडव्या बसून तोंड धुवायच्या. डाव्या हातात तांब्या, उजव्या हाताची ओंजळ, पाणी बोटांवरून सरळ मोरीत. बाही भिजल्याचं मला आठवत नाही. आता विचार करते तेव्हा वाटतं, मोरीला उंचीच नव्हती. लहान पोर बसो, आजोबा बसोत की सहा फुटी काका, तांब्या ज्याच्या त्याच्या हाताएवढाच उंच असायचा. त्याही आधी, सरदारांच्या घरांत जेवण झालं की गडी झारी आणि तस्त घेऊन पाहुण्यापुढे यायचा, असं आईंच्या सासूबाई सांगत. म्हणजे भांडं माणसापर्यंत येत होतं. बेसिन आलं आणि पहिल्यांदाच उंची भिंतीत पक्की झाली. सगळ्या घराला एक.

मोरीची तरफदारी मला करायची नाही. आज आईंना उकिडवं बसता येत नाही, बसल्या तर उठता येत नाही. बेसिन ही म्हाताऱ्या गुडघ्यांसाठी फार मोलाची वस्तू आहे. म्हणूनच ते नीट बसलेलं असावं, याबद्दल मी इतकी हट्टी झाले आहे.

जागा मात्र आमची पहिल्यापासून बरोबर होती, आणि ती आईंनीच ठरवली होती. आपल्याकडे बेसिनचा खरा उपयोग आचवण्यासाठी. जेवून उठलेल्या पाहुण्याला खरकट्या हाताने बाथरूमचं दार उघडायला लावणं आईंना पटत नाही. म्हणून बेसिन बाथरूमच्या बाहेर, पॅसेजमध्ये. पण जेवणाच्या टेबलासमोरही नको, कारण एक जण चूळ भरतो, खाकरतो, तेव्हा दुसऱ्याच्या पानात भात असतो. पॅसेज जिथे वळतो त्या भिंतीवर ते आहे. टेबलावरून दिसत नाही, पण चार पावलांवर. भिंतीच्या पलीकडे बाथरूम असल्यामुळे पाण्याचे नळ आणि सांडपाण्याची वाट दोन्ही जवळ. पुढे वाकायला दोन फूट मोकळे आहेत, आणि बेसिनच्या मध्यापासून बाजूच्या भिंतीपर्यंत 15 इंचांहून जास्त अंतर आहे. त्याहून कमी असेल तर तोंड धुताना कोपर भिंतीवर आपटतं. आमच्या जुन्या शेजाऱ्यांकडे बेसिन दाराच्या मागे होतं. आत कुणी तोंड धूत असेल आणि बाहेरून दार ढकललं तर ते सरळ पाठीत बसायचं. त्या घरातले सगळे जण दार उघडण्याआधी "कोण आहे?" असं विचारायला शिकले होते. दार दुसऱ्या बाजूला उघडणारं करून घ्यायचं कुणाला सुचलं नाही.

बेसिन बदलायचं ठरल्यावर मी दुसरे मिस्त्री शोधले. साठीचे, सौराष्ट्रातले, कमी बोलणारे. आल्या आल्या त्यांनी टेप काढला नाही. विचारलं, वापरणार कोण? मी म्हटलं, सगळेच, पण मुख्य आई. तर म्हणाले, मग त्यांना बोलवा. आई आल्या. "बा, हाथ धोता हो एम ऊभा रहो," मिस्त्री म्हणाले. आई भिंतीसमोर उभ्या राहिल्या आणि रिकाम्या हवेत त्यांनी हात धुतले. नळ सोडल्यासारखं केलं, ओंजळ धरली, तोंडाकडे नेली. मिस्त्रींनी दोनदा पुन्हा करायला लावलं. मग ओंजळीच्या जरा खाली, भिंतीवर पेन्सिलने एक आडवी रेघ मारली. मोजली तर बरोबर 30 इंच. आईंच्या कोपराच्या साडेसहा इंच खाली.

माझे यजमान पाच फूट आठ इंच. त्यांना 30 इंच खाली पडणार, मी ते बोलून दाखवलं. मिस्त्री म्हणाले, भाई वाकतील. बा उंच कशा होणार?

टेबलटॉप वाटी आता बसणार नव्हती. भिंतीला टांगायचं साधं बेसिन घ्यायला आम्ही दुकानात गेलो. आपल्याकडची बरीचशी बेसिनं थानगढची असतात, सुरेंद्रनगर जिल्ह्यातल्या. फरशी मोरबीची आणि बेसिन थानगढचं, गुजरातमधल्या निम्म्या घरांची हीच जोडी. मिस्त्रींनी निवडलेलं बेसिन जमिनीवर पालथं घातलं, कोपऱ्यांवर बोटं दाबून डुगडुगतं का पाहिलं, मग उचलून एका हातावर तोललं आणि बोटाच्या पेराने वाजवलं. टण्ण असा लांब आवाज आला. दुसरं वाजवलं, त्याचा आवाज बसका. ते बाजूला ठेवलं. बाहेरून काही दिसत नव्हतं, पण आत कुठे बारीक तडा असेल. आई म्हणाल्या, "मडकं वाजवून घेतात तस्संच." तस्संच आहे ते. मातीच. ओल्या मातीचं साच्यातून काढलेलं बेसिन वाळताना आणि 1200 अंशांच्या भट्टीत भाजताना दहा-बारा टक्क्यांनी आकसतं. सगळीकडे अगदी सारखं आकसत नाही. त्यामुळे एकाच नमुन्याच्या दोन बेसिनांच्या बोल्टच्या भोकांत दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडू शकतो. छापील कागदावरच्या मापाने भिंतीला भोकं पाडणारा म्हणूनच फसतो. आमच्या मिस्त्रींनी प्रत्यक्ष बेसिन भिंतीला लावून, मी आणि यजमानांनी दोन्ही बाजूंनी धरलेलं असताना, भोकांच्या खुणा केल्या.

खरं अवघड काम त्यानंतरचं होतं. सांडपाण्याचं जुनं भोक भिंतीत 21 इंचांवर होतं. काठ 30 वर आणला की बेसिनचं बूड, त्याच्या भोकात बसणारं कपलिंग, त्याखालचा बॉटल ट्रॅप, म्हणजे गटाराचा वास अडवणारा डबा, हे सगळं खाली सरकतं, आणि ट्रॅपचं तोंड भिंतीतल्या भोकाच्याही खाली येतं. मी विचारलं, लवचीक पाइप वळवून वर घेता येणार नाही का? मिस्त्रींनी फक्त मान हलवली. पाणी चढावर जात नाही. बडोद्याच्या माणसाला तरी हे वेगळं सांगायला नको. सयाजीराव महाराजांनी 1892 साली आजव्याच्या तलावाचं पाणी शहरात आणलं ते उताराच्याच भरवशावर, तलाव उंचावर आणि शहर खाली म्हणून. कित्येक मैल ते पाणी स्वतःच्या वजनाने चालत आलं. आणि माझ्या बेसिनखाली मला ते पाच इंच वर चढवायचं होतं. नवीन लावलेल्या टाइलपैकी दोन फोडाव्या लागल्या. 16 इंचांवर नवं भोक पाडलं, पलीकडच्या बाथरूमच्या फरशीतल्या नहाणी ट्रॅपपर्यंत पाइपला फुटामागे पाव इंच उतार दिला. फोडलेल्या टाइलचा रंग दुकानात मिळेना, म्हणून तिथे वेगळ्याच रंगाच्या दोन बसल्या. त्या मला अजिबात खुपत नाहीत.

जुनं बेसिन काढताना आणखी एक गोष्ट निघाली. त्याच्या ओव्हरफ्लोच्या भोकाला वास येतो अशी माझी तक्रार होती, ती उगाच नव्हती. काठाशी जे छोटं भोक असतं, त्यातून शिरलेलं पाणी बेसिनच्या पोटातल्या पोकळीतून उतरून कपलिंगच्या खाचेतून बाहेर पडायला हवं. ओव्हरफ्लो असलेल्या बेसिनला हाफ थ्रेडचं, खाच असलेलं कपलिंग लागतं. आधीच्या माणसाने फुल थ्रेडचं लावलं होतं. त्याला खाचच नाही. त्या पोकळीत गेलेलं पाणी, साबण, सगळं आतच साचून सडत होतं. मी वरून कितीही फिनेल ओतलं असतं तरी उपयोग नव्हता.

भिंत साडेचार इंची विटेची. तिच्यावर दहा-बारा किलोचं बेसिन टांगायचं, एवढाच हिशेब असता तर साध्या स्क्रूवरही भागलं असतं. पण म्हातारं माणूस बेसिन फक्त हात धुवायला वापरत नाही. आई चूळ भरताना डावा हात काठावर टेकवतात, आणि पाठ सरळ करताना त्याच हातावर भार देऊन उठतात. त्यांच्या दृष्टीने तो कठडा आहे. असं बेसिन भिंतीतून सुटलं तर चिनी मातीचे तुकडे सुरीसारखे धारदार असतात. आमच्याच इमारतीत एका मुलाच्या पायाला त्याने सात टाके पडले. पाय धुण्यासाठी त्याने पाय वर ठेवला होता. मिस्त्रींनी विटांच्या सांध्यात बोल्ट घेतला नाही. टाइल ठोकून पाहत सांधा कुठे आहे ते शोधलं आणि अख्ख्या विटेत भोक पाडलं. बोल्ट पक्के केले, खालून दोन लोखंडी ब्रॅकेटही दिले. बेसिन आणि नटाच्या मध्ये रबराचा वॉशर, आणि नट हाताने आवळून मग पान्याने जेमतेम अर्धा फेरा. चिनी माती लोखंडाचा जोर सहन करत नाही, जास्त आवळलं की रात्रीत तडा जातो. काठ आणि भिंतीमधली फट व्हाइट सिमेंटने न भरता सिलिकॉनने भरली. बेसिनशेजारी एक स्टीलचा आडवा बारही लावून घेतला, पण आई अजून काठच धरतात. सवय आहे.

पाणसळ ठेवून पाहिल्यावरही मिस्त्रींचं समाधान होत नव्हतं. त्यांनी नळाच्या मागच्या सपाट जागेवर अर्धी वाटी पाणी ओतलं आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले. आम्हीही. पाणी जरा पसरलं, थांबलं, आणि मग हळूच पुढे येऊन बेसिनमध्ये उतरलं. ते भिंतीकडे गेलं असतं तर तिथे कायम ओल राहिली असती आणि वर्षभरात काळी बुरशी चढली असती.

आरशाचं कुणालाच सुचलं नव्हतं. तो यजमानांच्या उंचीने टांगलेला होता. आई त्यात पाहून कुंकू लावतात, आणि त्यांना इतके दिवस आरशात फक्त भांग आणि कपाळ दिसत होतं. हे त्या बोलल्या नाहीत, मीच त्यांच्या शेजारी गुडघ्यांत वाकून उभी राहिले तेव्हा दिसलं. आता आरशाची खालची कड 40 इंचांवर आहे. दिवाही आरशाच्या वर पुढच्या बाजूला घेतला. आधी तो पॅसेजच्या छताला, पाठीमागे होता, आणि माणूस उभा राहिला की त्याचीच सावली त्याच्या तोंडावर पडायची.

उरला ट्रॅप. बेसिनखालचा तो स्टीलचा बुटका डबा खालून हाताने फिरवला की उघडतो. महिन्यातून एकदा मी तो उघडते, केस आणि साबणाचा चिकटा काढते, खाली बादली ठेवायची आठवण ठेवून. त्यात नेहमी दोनेक इंच पाणी साठून राहतं आणि तेवढंच पाणी गटाराचा वास आणि झुरळं अडवून धरतं. अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळं बनवणाऱ्या माणसाने 1775 साली नळीला बाक देऊन त्यात पाणी अडवायची ही युक्ती संडासासाठी पेटंट करून घेतली. अडीचशे वर्षं झाली, अजून त्याहून साधा उपाय निघालेला नाही. आईंना मी ट्रॅप उघडून हे दाखवलं, तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "आणि पाणी वाळलं तर?"

वाळतंच. आम्ही दर मे महिन्यात तीन आठवडे नाशिकला नणंदेकडे जातो. बडोद्यात तेव्हा 42-43 अंश असतात, घर बंद, खिडक्या बंद. परत येऊन दार उघडलं की जो भपकारा यायचा त्याला आम्ही बंद घराचा वास म्हणत होतो. तो गटाराचा होता. यंदा रिक्षा खाली येऊन उभी राहिली, सामान उतरलं, कुलूप माझ्या हातात होतं, आणि आई पुन्हा आत वळल्या. मला वाटलं देवाचा दिवा राहिला. त्यांनी स्वयंपाकघरातून तांब्या भरून आणला. बाथरूममधल्या दोन्ही नहाण्यांत ओतला, पुन्हा भरला, बेसिनमध्ये अर्धा तांब्या सावकाश सोडला आणि वरून चमचाभर गोडं तेल, म्हणजे पाणी उडून जायला उशीर लागतो. मग उरलेलं पाणी गॅलरीतल्या तुळशीला घातलं, बाहीने नव्हे, पदराने हात पुसला आणि म्हणाल्या, "हं, लाव आता कुलूप."